होंडाजेटवर सेमिनार द्यायचाय? मग इंजिनाच्या जागेपासून सुरू करा

शेवटच्या वर्षाच्या सेमिनारला होंडाजेट घ्यायचा विचार चालू असेल तर नक्की घ्या, विषय लई भारी आहे. आपल्याकडं होंडा म्हटलं की ॲक्टिव्हा, शाईन, सिटी एवढंच डोळ्यासमोर येतं, आणि त्याच कंपनीनं स्वतःचं छोटं बिझनेस जेट डिझाइन केलं, त्याच्या इंजिनाचं काम स्वतःच्या लॅबमध्ये सुरू करून पुढं जीई (अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक) सोबत पूर्ण केलं, अमेरिकेत कारखाना टाकला आणि २०१५ च्या डिसेंबरात पहिलं विमान गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिलं. मेकॅनिकल असो, प्रॉडक्शन असो, ऑटोमोबाईल असो, प्रत्येकाला यात आपापल्या सिलॅबसचं काहीतरी सापडतंच. हे सगळं मी नांदेड, लातूर, परभणी, बीड, संभाजीनगर इकडच्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण आपल्याकडं एरोस्पेसची लॅब सहसा नसते, विंड टनेल असला तर छोटा असतो, आणि तरीसुद्धा हा विषय चांगला मांडता येतो.

अशा विषयाची वाट कुठं लागते ते आधी सांगतो. पहिल्या स्लाइडवर विमानाचा फोटो, दुसऱ्यावर कंपनीचा इतिहास, तिसऱ्यावर स्पेसिफिकेशनचा तक्ता, मग ॲडव्हान्टेज, डिसॲडव्हान्टेज, थँक यू. एक्स्टर्नल विचारतो, "लांबी १२.९९ मीटरच का?" आणि पोरगं गप्प. आकडे पाठ असतात पण आकड्यामागचं कारण माहीत नसतं.

म्हणून सगळ्यात आधी एकच प्रश्न धरा: याचं इंजिन पंखाच्या वर का ठेवलंय? वहीच्या पहिल्या पानावर हा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहा आणि पुढं जे जे वाचाल ते याच प्रश्नाला जोडता येतंय का बघा. जोडता आलं तर ठेवा, नाही आलं तर बहुतेक वेळा सोडून दिलेलं बरं.

टाइमलाइन एका पानावर, पण प्रत्येक तारखेपुढं कारण पाहिजे

१९८६ ला होंडानं जपानमध्ये विमान आणि जेट इंजिनाचं मूलभूत संशोधन सुरू केलं. मिचिमासा फुजिनो नावाचा तरुण इंजिनिअर, टोकियो विद्यापीठातून एरोनॉटिकल करून १९८४ ला होंडात लागलेला, त्याला या कामासाठी अमेरिकेत मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॅस्पेट फ्लाइट रिसर्च लॅबला पाठवलं. तिथं या लोकांनी आधी एका जुन्या छोट्या विमानाला कंपोझिटचा (धागे आणि रेझिन मिळून बनलेल्या मटेरियलचा) पंख लावून बघितला, आणि मग एमएच०२ नावाचं पूर्ण कंपोझिटचं दोन इंजिनांचं प्रायोगिक जेट बनवलं, जे मार्च १९९३ मध्ये उडालं. याचे पंख पुढच्या बाजूला झुकलेले होते आणि इंजिनं पंखाच्या वरच होती, पण हे विकायचं विमान नव्हतं, शिकायचं होतं. कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा १९९१ मध्येच वारले, त्यामुळं ते उडालेलं त्यांना बघायला मिळालं नाही.

पुढं १९९७. फुजिनोला एका रात्री नव्या रचनेची कल्पना सुचली, कागद जवळ नव्हता म्हणून त्यानं कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या मागच्या बाजूला स्केच काढलं. ही गोष्ट सगळीकडं सांगितली जाते आणि सेमिनारमध्येही चालते, फक्त ती सांगून थांबू नका, कारण त्या स्केचच्या आधी दहा-अकरा वर्षांचं काम होतं आणि नंतर अठरा वर्षांचं.

३ डिसेंबर २००३ ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोच्या विमानतळावरून प्रोटोटाइप उडालं, २००५ मध्ये ऑशकॉशच्या एअर शोत लोकांना दाखवलं, २००६ मध्ये होंडा एअरक्राफ्ट कंपनी काढून ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. तेव्हा २०१० ला डिलिव्हरी देऊ असं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात सर्टिफिकेशनसाठी बनवलेलं पहिलं विमानच २०१० च्या डिसेंबरात उडालं, इंजिनाला एफएएचं (अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचं) सर्टिफिकेट डिसेंबर २०१३ ला मिळालं, विमानाला डिसेंबर २०१५ ला. ही पाच वर्षं तुमच्या टाइमलाइनवर लाल पेननं काढा. गाडी बनवणाऱ्या कंपनीसाठी पाच वर्षं म्हणजे एखाद्या मॉडेलचं अख्खं आयुष्य असतंय, आणि इथं तेवढा वेळ नुसत्या उशिरात गेला तरी त्यांनी प्रोजेक्ट बंद केला नाही. १९८६ ते २०१५ धरले तर एकोणतीस वर्षं होतात. मला वैयक्तिक विचाराल तर होंडाजेटमधली सगळ्यात दुर्मिळ गोष्ट हीच आहे, इंजिनाच्या जागेपेक्षाही.

आता मुख्य मुद्दा, इथं घाई करू नका

बोर्डवर विमानाची तीन चित्रं काढा, पीपीटीवर नको, खडूनंच काढा, ऐकणारे जागे राहतात.

पहिल्या चित्रात इंजिन पंखाखाली, म्हणजे इंडिगोचं एअरबस असतं तसं. मोठ्या विमानाला हे मस्त जमतं, पण छोटं जेट जमिनीला इतकं खेटून असतं की पंखाखाली इंजिन लावायला जागाच उरत नाही. जागा करायची तर लँडिंग गिअर लांब करावा लागतो, तो जड होतो, दार उंचावर जातं. बाद.

दुसऱ्या चित्रात इंजिनं मागं, बॉडीच्या दोन्ही बाजूंना. बहुतेक सगळी छोटी जेट अशीच असतात. पण इथं इंजिनाचं वजन आणि थ्रस्ट (पुढं ढकलायचा जोर) बॉडीनं उचलायचा असतो, म्हणजे मागच्या भागात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आरपार मजबूत स्ट्रक्चर टाकावं लागतं. ते स्ट्रक्चर आत जागा खातं. साठ-सत्तर माणसांच्या विमानात ते जाणवत नाही, पण पाच-सहा माणसांच्या विमानात तेवढीच जागा म्हणजे अख्खं टॉयलेट किंवा सगळ्यांच्या बॅगा. शिवाय इंजिनाचा आवाज आणि थरथर थेट बॉडीत येते.

तिसऱ्या चित्रात इंजिन पंखाच्या वर, पायलॉनवर (इंजिन धरणाऱ्या खांबावर), बॉडीला न चिकटता. मागचा भाग मोकळा झाला, केबिन लांब झाली, सामानाला जागा झाली, आवाज कमी झाला. होंडाच्या गाड्यांच्या डिझाइनमध्ये एक जुना नियम आहे, माणसाला जास्तीत जास्त जागा, यंत्राला कमीत कमी. तो नियम इथं विमानाला लागू झालेला दिसतो, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीनं विमानात काय आणलं याचं उत्तर मला इथंच सापडतं. तुमच्या सेमिनारचं हे एक वाक्य असू द्या.

इथं एखादा हुशार पोरगा विचारेल, "मग बाकीच्यांनी हे का केलं नाही?" हा प्रश्न यायलाच पाहिजे. कोणी विचारला नाही तर तुम्हीच विचारा.

उत्तर असं. पंखाच्या वरून हवा आधीच वेगानं जात असते, त्यातूनच लिफ्ट म्हणजे वर उचलणारा जोर मिळतो. आता पंख आणि इंजिनाचं नॅसेल (बाहेरचं कवच) यांच्यामध्ये एक अरुंद गल्ली तयार झाली, आणि जायकवाडीच्या चारीत अरुंद जागी पाणी पळतं तशी तिथं हवा आणखी पळायला लागते. होंडाजेट साधारण ४२० नॉटला उडतं, तीस हजार फुटांवर ध्वनीचा वेग सुमारे ५८९ नॉट असतो, म्हणजे मॅक नंबर आला ०.७१. विमान ध्वनीच्या बऱ्यापैकी खालीच आहे, पण पंखावरची हवा मात्र ठिकठिकाणी ध्वनीचा वेग ओलांडते आणि तिथं शॉकवेव्ह तयार होते. शॉक म्हणजे वेव्ह ड्रॅग (शॉकमुळं वाढणारा हवेचा अडथळा), वेव्ह ड्रॅग म्हणजे जास्त इंधन. त्यात नॅसेलनं हवा आणखी पळवली तर शॉक जोरात होणार, म्हणून पंखावर इंजिन नको असं सगळे म्हणत होते. (हे ०.७१ कसं आलं ते बोर्डवर करून दाखवा, फक्त भागाकार आहे, पण कोणी करत नाही.)

फुजिनोनं काय शोधलं, तर नॅसेलची जागा पुढं-मागं, वर-खाली करत गेलं की एक अशी जागा सापडते जिथं उलटा परिणाम होतो. नॅसेलचं तोंड पंखाच्या मागच्या भागात, शॉक जिथं होतो त्याच्या हिशोबानं नेमकं ठेवलं, की नॅसेलसमोरची हवा थोडी थोपवली जाते, पंखावरचा वेग कमी होतो आणि शॉक कमजोर पडतो. म्हणजे नुसत्या पंखाला जेवढा वेव्ह ड्रॅग आला असता त्यापेक्षा कमी. जागा थोडी चुकली की पुन्हा तोटा. हे कॉम्प्युटरवर गणित करून, मग बोईंगच्या ट्रान्सॉनिक विंड टनेलमध्ये मॉडेल ठेवून तपासलं आणि २००३ मध्ये जर्नल ऑफ एअरक्राफ्टमध्ये पेपर छापला. पेपर छापणं महत्त्वाचं होतं, कारण तोपर्यंत विमानवाल्यांना हे पटत नव्हतं, आणि गाडीवाल्या कंपनीचं तर कोण ऐकणार.

शॉक सुटला म्हणून सगळं सुटलं नाही. पंखावर इंजिनाचं वजन टाकलं की पंखाची थरथरायची तऱ्हा बदलते, फ्लटरचा (हवेमुळं पंखाची थरथर वाढत जाण्याचा) धोका येतो, त्याच्या वेगळ्या टेस्ट करायला लागल्या. एक फायदा असा की हवेत लिफ्ट पंखाला वर वाकवते आणि इंजिनाचं वजन खाली दाबतं, त्यामुळं पंखाच्या मुळाशी बेंडिंग मोमेंट थोडा कमी होतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियलमध्ये कँटिलिव्हर बीम केलाय ना तुम्ही, मग इथं तोच बीम काढा, वर पसरलेला लोड आणि खाली एक पॉइंट लोड, शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचा डायग्राम. सर खूश होतात याची खात्री देतो. दुसरी गोष्ट, इंजिनाची थ्रस्ट लाइन विमानाच्या सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीच्या वर असल्यानं पॉवर वाढवली की नाक खाली जायला बघतं. व्हायवात हे विचारू शकतात.

आणि कृपा करून "जगात पहिल्यांदा पंखावर इंजिन" असं लिहू नका. जर्मनीचं व्हीएफडब्ल्यू ६१४ हे प्रवासी विमान १९७१ मध्येच पंखावर इंजिनं घेऊन उडालं होतं, १९ च बनली. होंडाचं नवेपण ड्रॅग कमी करणारी जागा शोधण्यात आहे.

स्वतः काहीतरी करून दाखवा

नुसतं सांगण्यापेक्षा थोडं करून दाखवलेलं कधीही चांगलं, आणि पैसे लागत नाहीत. नासाचं ओपनव्हीएसपी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात बॉडी, पंख, शेपूट, नॅसेल मापं टाकून विमान उभं करता येतं. लांबी १२.९९ मीटर, पंखांचा स्पॅन १२.१२, उंची ४.५४. दोन मॉडेल बनवा, एकात इंजिनं मागं, एकात पंखावर, आणि केबिनच्या शेवटी किती जागा उरते ते बाजूबाजूला दाखवा. एवढ्यानंच अर्धा सेमिनार समजतो.

ज्याला सीएफडीची (कॉम्प्युटरवर हवेचा प्रवाह काढायची) आवड आहे त्यानं एसयू२ सॉफ्टवेअर घ्यावं, तेही फुकट, आणि फक्त टू-डी करावं: पंखाचा एक प्रोफाइल (छेदाचा आकार), मॅक ०.७ च्या आसपास, आधी एकटा, मग वर मागच्या बाजूला एक लांबट आकार नॅसेल म्हणून ठेवून. तो आकार तीन-चार जागी सरकवून प्रत्येक वेळी पंखावरचा प्रेशर कोइफिशंट प्लॉट करा. शॉक असतो तिथं ग्राफ एकदम खाली पडतो, तो पडायचा जोर जागेप्रमाणे बदलताना दिसेल. खऱ्या थ्री-डी विमानाशी आकडे जुळणार नाहीत आणि जुळवायचेही नाहीत, कल दाखवायचाय. रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहा. एक्सफॉइल किंवा एक्सएफएलआर५ वर मात्र हे करू नका, जोरदार शॉक असलेल्या फ्लोसाठी ती सॉफ्टवेअर नाहीत.

ती वापरायची जागा वेगळी आहे, लॅमिनार फ्लोची. होंडानं या विमानासाठी स्वतःचा एअरफॉइल (पंखाचा प्रोफाइल) बनवला, एसएचएम-१, जाडी १५ टक्के, ज्यावर हवा बऱ्याच अंतरापर्यंत शांत थरांत वाहते आणि स्किन फ्रिक्शन कमी राहतं. पंखाची जाडी बरी असल्यानं आत इंधनही बसतं. हा एअरफॉइल त्यांनी जुन्या टी-३३ जेटच्या पंखावर खोळीसारखा बसवून हवेत तपासला. एक्सएफएलआर५ मध्ये एक साधा चार आकडी नाका (NACA) प्रोफाइल आणि एक सहा-सिरीजचा लॅमिनार प्रोफाइल घेऊन ड्रॅगचे ग्राफ एकावर एक ठेवा, लॅमिनारवाल्याचा खड्डा दिसतो, तोच समजावून सांगा.

वाळूजला किंवा शेंद्र्याला इन-प्लांट ट्रेनिंग केलंय? मग हा भाग तुमचा

लॅमिनार फ्लोला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. रिव्हेटची ओळ, पत्र्याचा जॉइंट, थोडी लाट असली तरी हवा खवळते. म्हणून होंडाजेटच्या पंखाची कातडी ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटमधून मशिनिंग करून काढलेली आहे, आतले स्टिफनर त्याच तुकड्यात, वेगळे रिव्हेट मारलेले नाहीत. बॉडी मात्र कार्बन कंपोझिटची, नाक आणि शेपटीकडं जिथं वळणं जास्त तिथं हनीकोंब सँडविच, मधल्या सरळ भागात स्टिफनरसकट एकत्र क्युअर केलेले पॅनेल. म्हणजे एकाच विमानात पंखाला धातू आणि बॉडीला कंपोझिट, दोन्हींची कारणं वेगळी. वाळूजच्या कुठल्याही चांगल्या शॉपमध्ये व्हीएमसीवर ब्लॉकमधून पॉकेट काढताना तुम्ही बघितलंच असेल, आणि पातळ भिंत मशिनिंग करताना ती कशी वाकते, क्लॅम्पिंगचा कसा त्रास होतो हेही. तोच अनुभव इथं आणा, प्रॉडक्शनवाल्यांना यापेक्षा चांगली संधी नाही. मटेरियलचा किती टक्के भुगा होतो, त्याचं काय करायचं, असे प्रश्न स्वतःच तयार ठेवा.

इंजिनाचं थोडक्यात. विमान बनवणारे सहसा इंजिन विकत घेतात, होंडानं स्वतःचं एचएफ११८ बनवलं, मग २००४ मध्ये जीईसोबत भागीदारीत कंपनी काढून एचएफ१२० केलं, सुमारे २,०५० पाउंड थ्रस्ट म्हणजे ९.१ किलोन्यूटन. सर्टिफिकेशनमध्ये इंजिनात पाणी सोडायचं, बर्फ सोडायचा, पक्षी मारायचा, फिरता ब्लेड तुटला तर तो केसिंगच्या आत राहतो का बघायचं. विमानाच्या स्ट्रक्चरला जास्तीत जास्त अपेक्षित लोडच्या दीडपट लोड लावून ते मोडत नाही हे दाखवायचं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे सर्टिफिकेशनसाठी ३,००० तासांहून जास्त टेस्ट उड्डाण झालं. गाडीत काही निघालं तर रिकॉल करता येतो, इथं आधी सिद्ध करा मग विका.

आपल्या उन्हात काय होईल?

हा भाग नेटवर कुठं तयार मिळत नाही, म्हणून आवर्जून घाला. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर, म्हणजे १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी ४२ डिग्री धरा. त्या उंचीवर स्टँडर्ड तापमान १५ वजा ३.८ म्हणजे ११.२ डिग्री असायला पाहिजे. फरक झाला ३०.८. प्रत्येक डिग्रीला १२० फूट या नियमानं ३,७०० फूट वाढले, एकूण ५,६०० फूट. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. म्हणजे विमान उभं आहे चिकलठाण्याला पण हवा मिळतेय ५,६०० फुटांवरची, समुद्रसपाटीपेक्षा १५ टक्के विरळ.

आता परिणाम बघा. तेवढीच लिफ्ट मिळवायला खरा वेग जवळजवळ ९ टक्के जास्त लागणार, वेगाच्या वर्गामुळं पळायचं अंतर १८ टक्के वाढणार, आणि वर इंजिनाचा थ्रस्टही विरळ हवेच्या प्रमाणात घटला असं धरलं तर एकूण वाढ ४० टक्क्यांच्या घरात जाते. होंडाजेटच्या एलिट मॉडेलचं टेकऑफ अंतर स्टँडर्ड दिवशी समुद्रसपाटीला ३,५०० फुटांच्या आसपास आहे, ते आपल्या उन्हात ४,९०० फूट, साधारण १,४९० मीटर. हा कागदावरचा अंदाज आहे, पायलट फ्लाइट मॅन्युअलचा चार्ट बघतो, हेही सांगा. मग नांदेड, लातूर, धाराशिवच्या धावपट्ट्यांची लांबी काढून पुढं लिहा आणि कुठं भरल्या वजनानं निघता येईल, कुठं माणसं किंवा इंधन कमी करावं लागेल ते ठरवा. नांदेड ते मुंबई हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर, चिकलठाणा ते दिल्ली सुमारे ९८०. एलिटची रेंज १,४३७ नॉटिकल मैल, म्हणजे २,६६१ किलोमीटर. त्यामुळं मुंबईला जायचं तर टाकी पूर्ण भरायची गरजच नाही, वजन कमी ठेवून छोट्या धावपट्टीवरून उडता येतं. असलं गणित बघितलं की परीक्षकाला कळतं की पोरगं विचार करतंय.

बाकीच्यांचं काय झालं

एकच स्लाइड. एक्लिप्स ५०० नं स्वस्त जेटचं मोठं स्वप्न दाखवलं आणि कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. सेसनाचं सायटेशन मस्टँग २०१७ मध्ये बंद झालं. एम्ब्राएरचं फेनम १०० टिकलं. गाडीवाल्यांमध्ये फोर्डनं १९२० च्या दशकात ट्रायमोटर बनवून पुढं सोडून दिलं, आपल्या महिंद्रानं २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गिप्सएरोत हिस्सा घेतला आणि २०२० मध्ये ती कंपनी परत विकली. यावर भाष्य जास्त नको, होंडा टिकली एवढं दिसतं.

कमी बाजू लपवू नका. विमानाला थ्रस्ट रिव्हर्सर (उतरल्यावर इंजिनाचा जोर उलटा फिरवणारी सोय) नाही, सुरुवातीच्या मॉडेलांना जमिनीवर उतरल्यावर पंखावर उघडणाऱ्या झडपा म्हणजे स्पॉयलरही नव्हते, आणि धावपट्टीवरून बाहेर जाण्याच्या घटना या विमानाच्या बाबतीत घडलेल्या आहेत. २०२२ च्या एलिट टू मध्ये ग्राउंड स्पॉयलर आले. स्पॉयलर उघडला की लिफ्ट जाते, वजन चाकांवर येतं, ब्रेकला पकड मिळते: फ्रिक्शनचं सूत्र, पहिल्या वर्षाचं. हा मुद्दा "तोटे" म्हणून एका ओळीत उरकू नका, नीट चित्र काढून सांगा. धंद्याच्या बाजूनं बघितलं तर होंडाला या विमानानं लगेच पैसा दिला असं झालं नाही. फुजिनो २०२२ मध्ये निवृत्त झाले, कंपनी आता एशलॉन या मोठ्या जेटवर काम करायलीय, २०२१ मध्ये कॉन्सेप्ट म्हणून दाखवलेलं, नाव २०२३ मध्ये दिलं, आणि त्याचीही इंजिनं पंखाच्या वरच आहेत.

व्हायवाला हमखास येणारे प्रश्न: इंजिन वर असल्यावर मेंटेनन्सला कसं चढायचं, एक इंजिन बंद पडलं तर विमान कुठं वळेल (बिघडलेल्या इंजिनाकडं, आणि इंजिन बॉडीपासून जितकं लांब तितकं जास्त), एकच पायलट चालवू शकतो का (हो, तसंच सर्टिफाइड आहे), लॅमिनार पंखावर किडे चिकटले तर काय (फ्लो खवळतो, पंख साफ ठेवावा लागतो). शेवटचा प्रश्न ऐकायला साधा वाटतो पण चांगल्या चांगल्यांना अडकवतो.

वेळ पंधरा मिनिटं मिळत असेल तर टाइमलाइनला दोन, तीन चित्रं आणि शॉकला सहा, पंख-बॉडीच्या मटेरियलला दोन, उन्हाच्या गणिताला तीन, आणि राहिलेली दोन प्रश्नांना. बाजारभाव, इंटेरिअरचे फोटो, रंगाचे ऑप्शन सगळं ब्लॅक बुकच्या (छापील रिपोर्टच्या) मागं टाका. लाइट गेली तर पीपीटी बंद पडते, म्हणून ती तीन चित्रं आणि डेन्सिटी अल्टिट्यूडचं गणित न बघता खडूनं काढायची सवय आदल्या आठवड्यातच करून ठेवा.